महाराजांनी मागवलेला तिमाही तक्ता

राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम आपल्या कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ आहे. निम्म्या जागा मागासवर्गाला. दर जूनला दसरा चौकात हार पडतात, भाषणं होतात आणि भाषणात हा हुकूम येतोच. पण त्या हुकमाचा शेवट मी आजवर एकाही वक्त्याच्या तोंडून ऐकलेला नाही. ज्या कचेरीत मागासवर्गाचं प्रमाण निम्म्याहून कमी, तिथली पुढची नेमणूक त्याच वर्गातल्या माणसाची. आणि प्रत्येक खातेप्रमुखानं झालेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सरकारात पाठवायचा.

महाराज तेव्हा विलायतेत होते. इथली दप्तरं कुणाच्या हातात आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नुसतं 'निम्म्या जागा द्या' म्हटलं असतं तर 'लायक उमेदवार मिळाला नाही' एवढा शेरा मारून कुणीही मोकळं झालं असतं. (हा शेरा सव्वाशे वर्षांनीही शिळा झालेला नाही, ते असो.) तक्ता मागवला की शेरा मारणाऱ्याला आकडे लिहावे लागतात, खाली सही करावी लागते.

मला वाटतं, दुबळ्या माणसाचा हक्क कायद्यातल्या असल्या रुक्ष, कंटाळवाण्या कलमांतच जास्त असतो. आपण मोर्चे काढतो ते मोठ्या कलमांसाठी. ही बारकी कलमं वाचायला मात्र कुणाला सवड नसते, आपल्या बाजूच्या पुढाऱ्यांना तर नसतेच नसते.

मध्यंतरी आमच्या ओळखीच्या एका वकिलांकडे तालुक्याच्या गावातल्या एक मावशी आल्या होत्या. रेशन कार्ड, आधारची झेरॉक्स आणि पोलिसांनी दिलेला कागद, सगळं साडीच्या दुकानाच्या पिशवीत. वस्तीच्या वाटेवरून भांडण, जातीवरून शिवीगाळ, वर मारहाण. ठाण्यात झाली ती अदखलपात्र नोंद. वकिलांनी विचारलं, "मावशी, सही करायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवलं का?" त्या म्हणाल्या, "वाचून कोण दावतंय? हितं सही कर म्हणाले, केली." कागदात जातीचा उल्लेखच नव्हता. मावशींनी तो तीनतीनदा सांगितला होता.

आता गंमत बघा. असं होणार हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, तेव्हा कलम ४ मध्ये अधिकाऱ्याची कर्तव्यं एकेक करून लिहिली. तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घ्यायची, सही घेण्याआधी ती फिर्यादीला वाचून दाखवायची आणि तिची प्रत ताबडतोब द्यायची. अधिकारी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल आणि त्यानं हे जाणूनबुजून टाळलं, तर सहा महिने ते एक वर्ष कैद. अर्थात त्याआधी प्रशासकीय चौकशी होऊन तशी शिफारस यावी लागते, म्हणजे ते घोडं कुठं अडतं हे वेगळं सांगायला नको. तरीही वकिलांनी कलमाचा आकडा घालून अर्ज लिहिला तेव्हा मावशींचा जबाब पुन्हा नोंदवला गेला. सबंध. वाचून दाखवून.

सर्किट बेंचबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कामकाज कोल्हापुरात सुरू झालं, सहा जिल्ह्यांची सोय झाली. चाळीस वर्षांवरच्या लढ्याचं फळ, गुलाल उधळला तो योग्यच होता. पण ह्या बेंचचा एक उपयोग फारसा कुणी बोलून दाखवत नाही. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात विशेष न्यायालयानं जामीन दिला किंवा नाकारला, तर अपील थेट उच्च न्यायालयात जातं. जामिनाच्या सुनावणीत पीडिताचं म्हणणं ऐकून घ्यायचं हे कलम १५-अ सांगतं. आजवर हे ऐकवायला मुंबई गाठायची होती. रोजगार बुडवून, रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून किती मावश्या गेल्या असतील? आरोपीचा वकील मात्र जायचाच. आता ते न्यायालय आपल्याच गावात आहे. शिवाय अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, स्त्रियांना, अपंगांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चानं वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२. हे वस्तीत कोण सांगणार?

"कायद्यानं मनं बदलत नाहीत," असं आमच्या कट्ट्यावरचे एक काका नेहमी म्हणतात. नसतील बदलत. मावशींना कुणाचं मन नको होतं, जबाब हवा होता.

आणि त्या तिमाही तक्त्याचा सख्खा वारसही आज कायद्यात आहे. ॲट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांतला नियम १७. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व सनियंत्रण समिती आणि तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा. किती गुन्हे, किती तपास रखडले, नुकसानभरपाई कुणाला मिळाली, कुणाची अडली, हे सगळं तिथं मांडलं जायला हवं. समितीवर अशासकीय सदस्यही असतात. आपल्या जिल्ह्यातले ते कोण, हे माझ्या मित्रयादीतल्या किती जणांना सांगता येईल? आणि निवडून आलेल्यांपैकी किती जण त्या बैठकीत तोंड उघडतात? जयंतीच्या वर्गणीचा हिशोब आपण पै-पैचा मागतो, ह्या बैठकीचं इतिवृत्त कधी मागितलंय?

ते मागता येतं. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. अर्ज समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे. गेल्या दोन वर्षांतल्या बैठकांच्या तारखा, हजेरी आणि इतिवृत्तं, एवढंच मागा. उत्तराची मुदत तीस दिवस. बैठका वेळेवर होत असतील तर उत्तमच, मग आत काय बोललं गेलं ते वाचू. नसतील होत, तर तसं त्यांना लिहून द्यावं लागेल.

अर्जाचा मसुदा मी तयार केलाय. कोल्हापूरच नव्हे, सांगली-साताऱ्याच्या मंडळींनाही चालेल, फक्त जिल्ह्याचं नाव बदला. हवा असेल त्यांनी खाली सांगा, इनबॉक्सला पाठवतो.