‘कायद्यानं जंगल वाचत नसतं’? मग २००४ नंतर ब्राझीलमध्ये काय झालं?

सोयाबीनची आवक सुरू झाली की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. मतितार्थ असा: ‘ब्राझीलनं अ‍ॅमेझॉन तोडून सोयाबीन पेरलं आणि आपला भाव पाडला. जंगलाचा कायदा तिथं १९६५ पासून आहे, त्यानं कुणाला अडवलं? शेतकरी भाव बघून रान मोडतो, कायदा बघून नाही. उपग्रह लावले तर त्यालाही चकवतो. बोल्सोनारो राष्ट्राध्यक्ष झाल्यावर तोड पुन्हा वाढली, म्हणजे कायदा फोल. आणि एका जागी अडवलं, तर दुसरीकडे तोडतो.’

हे खरं वाटतं, कारण आपला अनुभव तसाच आहे. कोकणातलं कुठलंही मालकी जंगल घ्या. वृक्षतोडीचा कायदा १९६४ चा आहे, तरी लाकडाचे ट्रक घाट चढतच असतात. पण आपला अनुभव ब्राझीलवर चिकटवण्याआधी तिथले आकडे बघायला हवेत.

‘१९६५ पासून कायदा आहे, कुणाला अडवलं?’

२००४ पर्यंत हे जवळपास बरोबर आहे. तिथल्या वनसंहितेनुसार (हाच तो १९६५ चा कायदा) खाजगी जमिनीचा ठरावीक हिस्सा जंगल म्हणून राखावाच लागतो. अ‍ॅमेझॉनमध्ये तो आधी ५० टक्के होता, १९९६ मध्ये ८० टक्के केला. म्हणजे शंभर हेक्टर असतील तर नांगर फक्त वीस हेक्टरांत. आपल्याकडे असा नियम कुणी नुसता सुचवून बघावा! पण नियम कडक झाला तरी तोड वाढतच गेली. २००४ साली, एका वर्षात, २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल गेलं. पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे मिळूनही एवढे भरत नाहीत.

आता २०१२ चा आकडा: ४,५७१. गोव्याहून थोडा जास्त. आठ वर्षांत ८० टक्क्यांहून जास्त घट.

या आठ वर्षांत राखीव हिश्श्याचा आकडा बदलला नाही. बदलली ती अंमलबजावणी. मारिना सिल्वा पर्यावरणमंत्री असताना २००४ मध्ये तोड रोखण्याचा कृती आराखडा आला आणि त्याच सुमाराला ‘देतेर’ ही उपग्रहावरून तोडीचा इशारा देणारी यंत्रणा सुरू झाली. त्याआधी वर्षाचा आकडा वर्ष उलटल्यावर कळायचा, तोवर तिथं गवत उगवून गुरं चरत असायची. आता इशारा काही दिवसांत हातात येऊ लागला आणि ‘इबामा’ या केंद्रीय पर्यावरण संस्थेचे निरीक्षक तोड चालू असतानाच पोचू लागले. दंड फारसा वसूल होत नाही, हे तिथं सगळ्यांना माहीत आहे. पण यंत्रं जप्त होतात, आणि त्या तुकड्यावर बंदी घातली की तिथला माल विकत घेणाराही अडकतो. जुलै २००८ पासून तर अ‍ॅमेझॉनमध्ये शेतीकर्ज हवं असेल तर पर्यावरणाचे नियम पाळल्याचे कागद बँकेत द्यावे लागू लागले. आपल्या नो-ड्यूज दाखल्यासारखेच, विषय जंगलाचा. लहान शेतकऱ्यांना त्यात सवलत होती.

शिवाय जास्त तोडीच्या ३६ तालुक्यांची (तिथं ‘मुनिसिपियु’ म्हणतात) काळी यादी निघाली. पारा राज्यातलं पारागोमिनास त्यात होतं, लाकूड आणि गुरांवर वाढलेलं. यादीतून बाहेर पडायचं तर ८० टक्के जमीन पर्यावरण नोंदणीत आणायची आणि वर्षाची तोड ४० चौरस किलोमीटरखाली ठेवायची. तालुक्यातल्या जमीनदारांनी ते केलं, आणि २०१० मध्ये यादीतून सुटणारा पहिला तालुका तो ठरला. जंगलाच्या प्रेमापोटी नव्हे. कर्ज आणि गिऱ्हाईक दोन्ही तुटत होतं म्हणून.

‘शेतकरी भाव बघतो’

बघतोच. २००४ नंतर सुरुवातीची दोन वर्षं सोयाबीन आणि मांसाचे भाव उतरले होते, आणि तोड कमी होण्यात त्याचा वाटा आहे. पण भाव तिथंच थांबले नाहीत. २०११-१२ मध्ये सोयाबीनचा जागतिक भाव डॉलरमध्ये २००५-०६ च्या दुपटीच्या आसपास होता, आणि तोडीचा नीचांक नेमका त्याच वर्षीचा. भावच सगळं ठरवत असता, तर तो उच्चांक असायला हवा होता. २००६ मध्ये व्यापाऱ्यांनी नव्या तोडीवरचं सोयाबीन घ्यायचं नाही असा करार केला, तो सरकारी कायदा नव्हता, हेही सांगून टाकतो. श्रेयात त्यालाही हिस्सा द्यावा लागेल.

मग यातलं कायद्याचं किती? मला सगळ्यात पटलेला पुरावा ढगांचा आहे. देतेरचा उपग्रह ढगांतून बघू शकत नव्हता. ब्राझीलच्या अर्थतज्ज्ञांनी हाच धागा पकडला. ज्या तालुक्यावर एखाद्या वर्षी ढग जास्त, तिथं इशारे कमी, म्हणून दंडाच्या कारवाया कमी. पाऊस आणि तापमानाचा परिणाम वजा करूनही, अशा तालुक्यांत पुढच्या वर्षी तोड जास्त निघाली. ढग भाव बघून येत नाहीत. निरीक्षक आला की नाही, एवढाच फरक तिथं उरतो.

‘उपग्रहाला चकवतात’

अगदी बरोबर, आणि म्हणूनच हा मुद्दा मजकूर लिहिणाऱ्याच्या अंगावर उलटतो. देतेरला सुरुवातीला २५ हेक्टरांहून लहान तुकडा दिसत नव्हता. काही वर्षांत मोठे सपाट पट्टे कमी झाले आणि एकूण तोडीत लहान तुकड्यांचा वाटा वाढला. ज्याला कायद्याचं काहीच वाटत नाही, तो एवढं मापून कशाला तोडेल?

जंगल राखल्यानं पीक घटतं, असंही याच मजकुराच्या एका आवृत्तीत असतं. मातो ग्रोसो हे तिथलं सोयाबीनचं सर्वांत मोठं राज्य. त्याच आठ वर्षांत तिथली तोड ९० टक्क्यांहून जास्त उतरली आणि सोयाबीन वाढलं. पीक मुख्यतः जुन्या कुरणांवर सरकलं, आणि सोयाबीन काढून त्याच रानात मका घेण्याची दुबार पद्धत फोफावली. एवढं पुरे.

‘बोल्सोनारो आल्यावर वाढली, म्हणजे कायदा फोल’

तोड वाढायला २०१२ नंतरच हळूहळू सुरुवात झाली होती, आणि २०२१ मध्ये ती १३ हजार चौरस किलोमीटरवर गेली. पण बोल्सोनारोंच्या काळात, २०१९ ते २०२२ मध्ये, वनसंहिता तीच होती. ढिली पडली ती इबामाची कारवाई. २०२३ मध्ये सरकार बदललं, मारिना सिल्वा पुन्हा मंत्री झाल्या, आणि २०२४ चा पहिला अंदाज ६,२८८ आला. तोही त्याच संहितेखाली.

कायद्यालाच दोष द्यायचा असेल तर तो दुसऱ्या जागी आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याला तो दिसलेला नाही. २०१२ च्या नव्या संहितेनं २२ जुलै २००८ पूर्वीच्या बेकायदा तोडीला मोठी माफी दिली. चार ‘मोड्यूल’ (जमीन मोजायचं तिथलं सरकारी एकक) पर्यंतच्या जमिनीवर तर राखीव हिस्सा भरून काढायची सक्तीच उठवली. चार मोड्यूल म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या बऱ्याच भागांत तीनशे-चारशे हेक्टर. तिथल्या ‘लहान’ शेतकऱ्याची व्याख्या ऐकून आपल्याकडचा दोन एकरवाला हसेल. एकदा माफी मिळाली की पुढचीही मिळेल, हा हिशेब घालायला फार शिक्षण लागत नाही. सरकारी जंगलावर खोटे कागद करून बसणाऱ्यांचं तर सगळं गणितच त्यावर चालतं. त्या धंद्याला तिथं ‘ग्रिलाजेम’ म्हणतात. नवे कागद जुने दिसावेत म्हणून रातकिड्यांबरोबर पेटीत ठेवायचे, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात.

‘इथं अडवलं तर तिकडं तोडतात’

मजकुरातला हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, आणि मी तो खोडणार नाही. अ‍ॅमेझॉनच्या दक्षिणेला सेराडो नावाचा गवताळ-झुडपी वनांचा विस्तीर्ण प्रदेश आहे. २०२३ मध्ये तिथली तोड ११ हजार चौरस किलोमीटर होती, अ‍ॅमेझॉनच्या ९ हजारांहून जास्त. सोयाबीनचा २००६ चा करार सेराडोला लागू नव्हता. आणि वनसंहितेत तिथला राखीव हिस्सा बहुतेक भागात फक्त २० टक्के आहे, अ‍ॅमेझॉन प्रदेशाच्या हद्दीत येणाऱ्या पट्ट्यात ३५. बाकीचं रान मालक रीतसर परवाना काढून मोडू शकतो. दोन्हीकडचं सोयाबीन जातं त्याच बाजारात, विकलं जातं त्याच भावाला. एकीकडे पाचातला एक हिस्सा मोडता येतो, दुसरीकडे पाचातले चार.