‘एक उद्योजक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नाव न देता ‘एक उद्योजक, सातपूर’ एवढीच सही ठोकून आपण माझ्या गेल्या लेखाचा समाचार घेतलात. लेख होता भागीदारीतल्या भांडणात कोर्ट एकमेकांचे कागद उघड करायला लावतं, त्यावर. इतर वाचकांसाठी आपलं म्हणणं थोडक्यात देतो. असे हुकूम फायलीतच राहतात. समोरचा ‘संगणक बिघडला’ म्हणतो आणि विषय संपतो. शिवाय धंद्यातली गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या हाती लागतात. आणि शेवटी हे वाक्य: ‘ज्याला धंदा करता येत नाही तो कागद मागत बसतो, एसीत बसून लेख पाडणाऱ्यांना हे कळायचं नाही.’

एसीचं आधी. मी पिंपळगावकडच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये हिशेब लिहिलाय. मार्चच्या उन्हात अंगात स्वेटर घालून प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल थंड करायच्या, खोलीत पेट्या मोजल्यात. एसी म्हणायचा तर तो तेवढाच. मतभेद असू द्या हो, पण माणसाची माहिती न घेता त्याची लायकी काढायची ही कुठली पद्धत?

आता ‘ज्याला धंदा करता येत नाही तो.’ साहेब, कागद मागणं हा भागीदाराचा हक्क आहे आणि तो १९३२ सालापासून कायद्यात लिहिलेला आहे. भागीदारी कायद्याचं कलम ९ म्हणतं की भागीदारांनी एकमेकांना खरा हिशेब आणि पूर्ण माहिती द्यायची. कलम १२ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर, प्रत्येक भागीदाराला फर्मच्या वह्या बघता येतात, उतरवूनही घेता येतात. ‘आमची कुठं फर्म होती, एका हंगामापुरतं एकत्र आलो होतो,’ असं म्हणणाऱ्यांसाठी कलम ८ आहे: एखाद्या ठरावीक कामापुरतीही भागीदारी होते. म्हणजे हिशेब मागणारा रडतराऊ आणि न देणारा कर्तबगार, हा न्याय कायद्याचा नाही, तुमचा आहे.

मीही द्राक्ष निर्यातीच्या एका हंगामापुरता असाच भागीदार होतो. नाव, गाव सांगत नाही. शेड आणि खेळतं भांडवल आमचं, परदेशातलं गिऱ्हाईक समोरच्यांचं, नफा निम्मा-निम्मा. हंगाम संपला तेव्हा कळलं की नफाच नाही, कारण बराच माल ‘रिजेक्ट’ झाला आणि लोकल मार्केटला मातीमोल भावानं द्यावा लागला. हिशेब मागितला तर उत्तर आलं, ‘विश्वास नाही का?’ (तुमचाच सूर, फक्त जरा गोड आवाजात.) प्रकरण नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाशेजारच्या कोर्टात गेलं. समोरच्यांनी कोर्टात दिलेल्या कागदांच्या यादीत करार होता, बँकेचा उतारा होता, चार बिलं होती. काटा पावत्या, म्हणजे आत आलेल्या मालाच्या वजनाच्या पावत्या, नव्हत्या. आम्ही त्या हजर करण्याची नोटीस दिली, पुढे हुकूम झाला आणि एक फाईल आली. थर्मल कागदावरची छपाई उडून पावत्या कोऱ्या पडलेल्या! समोरच्यांचा चेहरा बघण्यासारखा निवांत होता. पण काट्यावरच्या पोराला सवय होती. प्रत्येक पावतीच्या मागे त्यानं गाडी नंबर आणि निव्वळ वजन बॉलपेननं लिहून ठेवलं होतं.

पुढचं काम बेरजेचं. निर्यातीच्या द्राक्षांचा माग प्लॉटपासून कंटेनरपर्यंत ग्रेपनेटवर, म्हणजे अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ऑनलाइन नोंदप्रणालीत, असतो. प्रत्येक खेपेला फायटोसॅनिटरी (मालाला कीड-रोग नसल्याचा) दाखला लागतो, शिपिंग बिल (कस्टमकडचा निर्यातीचा कागद) लागतं आणि त्या दोन्हींवर मालाचं प्रमाण असतं. बाहेर गेलेला माल आणि त्यांनी दाखवलेला रिजेक्ट यांची बेरीज काट्यावर आत आलेल्या मालापेक्षा जास्त भरली. द्राक्षं शेडमध्ये वाढत नाहीत. रिजेक्ट नुसता वहीत झाला होता. मला धंदा करता येत नव्हता असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, बेरीज मात्र येत होती.

संगणक बिघडल्याचा मुद्दा त्यामानानं किरकोळ आहे. संयुक्त व्यवसायाच्या करारातला वाद २०१५च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याखाली येतो आणि २०१८पासून त्याला तीन लाखांची किमान किंमत पुरते. तिथं दाव्यासोबत, तसंच कैफियतीसोबत (प्रतिवादीच्या लेखी उत्तरासोबत), वादाशी संबंधित आपल्या ताब्यातले कागद द्यावे लागतात, आपल्या विरोधात जाणारेसुद्धा. नोटिशीनंतरही दिले नाहीत तर कोर्ट प्रतिकूल निष्कर्ष काढू शकतं आणि खर्चही बसवू शकतं. हे आजचं नाही. हाजी मलंग दर्ग्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं १९६८ साली हेच सांगितलं. उत्पन्नाचा हिशेब वेगळा ठेवलाय हे एका पक्षानं कबूल केलं, पण तो हजर केला नाही. सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर नसली तरी हातातला कागद दाबून ठेवलात तर तो तुमच्या विरोधात जाऊ शकतो, असं कोर्ट म्हणालं. तेव्हा संगणक बिघडला तर बिघडू द्या. ग्रेपनेटचा, कस्टमचा आणि बँकेचा त्याच दिवशी बिघडत नाही.

वेळ लागतो, हे मात्र मान्य. कागदांच्या तपासणीला नियमात तीस दिवस दिलेत आणि फार तर आणखी तीस, पण तारखांचं काय होतं हे कोर्टासमोरच्या चहावाल्यालाही माहीत आहे. तेवढं तुमचं बरोबर.

गिऱ्हाइकांच्या यादीबद्दल एवढंच: भागीदारापासून गिऱ्हाईक लपवायचं होतं तर भागीदारी कशाला केलीत? यावर जास्त लिहीत नाही.

खरं सांगू? आपला सूर बघून वाटतं की सध्या कुणीतरी आपल्याकडेच कागद मागितले असावेत. तसं नसेल तर शब्द मागे घेतो. असेल तर आपल्या वकिलांना भेटा. इथं माझ्यावर राग काढून कैफियतीची मुदत वाढत नाही. अशा व्यावसायिक दाव्यात समन्स मिळाल्यापासून १२० दिवस झाले की कैफियत दाखल करण्याचा हक्कच जातो.

यापुढची प्रतिक्रिया नावानिशी आली तर उत्तर देईन. बिननावाची आली तर छापेन, पण उत्तर मिळणार नाही.