धर्माचं भवितव्य फक्त बाळांच्या पाळण्यात मोजू नका

जनगणना जवळ आली की आपल्याकडे एकच वाद रंगतो: कोणाला मुलं जास्त, २०५० साली कोण किती असणार. इंग्लंडमधून हा वाद ऐकताना वाटतं, आपण भलत्याच रकान्यावर भांडतोय.

अंदाज बांधायची रीत ठरलेली आहे. लोकसंख्या धर्म, वय आणि लिंगानुसार मांडायची, मग जन्म, मृत्यू, स्थलांतर आणि धर्मबदल यांचे दर लावत पाच-पाच वर्षांनी पुढे न्यायची. जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुलं, आजच्या आकड्यावर गोठवला की हिशेब भरकटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९२-९३ साली मुस्लिम स्त्रियांचा जननदर ४.४ होता, हिंदू स्त्रियांचा ३.३. २०१९-२१ मध्ये तेच आकडे २.४ आणि १.९ झाले. दरी निम्म्याहून कमी उरली.

पण खरी मेख धर्मबदलाच्या दरात आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २००१ साली ७२ टक्के लोक ख्रिस्ती होते, २०२१ साली ४६. ‘धर्म नाही’ म्हणणारे १५ वरून ३७ टक्क्यांवर गेले, आणि त्यांतले निम्मे बत्तिशीच्या आतले आहेत. आईवडिलांचा धर्म पुढच्या पिढीत उतरलाच नाही. आपल्याकडचा दाखला तर याहून ठसठशीत: १९५१ साली देशात बौद्ध दोन लाखांहून कमी, १९६१ साली ३२ लाखांवर. मध्ये १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. कुठल्या जननदरातून हे निघालं असतं?

इथल्या, म्हणजे इंग्लंडच्या, जनगणनेच्या फॉर्मवर धर्माचा प्रश्न ऐच्छिक आहे आणि ‘धर्म नाही’ हा पहिलाच पर्याय. तरीही घरातला एकजण सगळ्यांचा फॉर्म भरू शकतो, त्यामुळे तरुण मुलांचा धर्म बरेचदा आईवडीलच लिहितात. आपल्याकडे २०११ साली फॉर्मवर सहा धर्मांना ठरलेले संकेतांक होते, बाकीच्यांनी धर्माचं नाव सांगायचं. जवळपास ५० लाख लोकांनी ‘सरना’ (आदिवासींचा निसर्गपूजक धर्म) असं नोंदवलं. ‘धर्म सांगितला नाही’ मात्र पाव टक्काही नाही. यावरून श्रद्धेबद्दल काहीच कळत नाही, कारण उत्तर बहुतेकदा देतो कुटुंबप्रमुख.

म्हणून वेगळं नमुना सर्वेक्षण हवं. जन्म कोणत्या धर्मात झाला आणि आज स्वतःला काय म्हणवता, हे दोन स्वतंत्र प्रश्न. इथल्यासारखी प्रार्थनास्थळातली हजेरी मोजून आपल्याकडे भागणार नाही. देव्हाऱ्यातली पूजा, उपवास, वारी, नमाज, रोजे विचारावे लागतील. आणि प्रत्येक प्रौढाला एकटं गाठून विचारायचं. सासूसमोर सून ‘मी देव मानत नाही’ म्हणणार नाही.