120 तास आणि नसलेला ब्रेक

आमच्या गाडीत डाव्या सीटसमोरच्या मॅटला भोक पडलंय. उजवीकडे, जिथे खरोखरचे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर आहेत, तिथली मॅट धडधाकट आहे, आणि डावीकडे, जिथे माणसाने पाय पसरून बसायचं आणि चिप्स खायचे, तिथे बुटाच्या टाचेएवढं गोल भोक. सर्व्हिसिंगला गाडी टाकली तेव्हा मेकॅनिकने मॅट उचलून उजेडात धरली, भोकातून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, इथे कोण बसतं रे? म्हटलं मी बसतो, मुलगी गाडी शिकतेय. तो बिचारा काही बोलला नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला. त्यालाही मुली असाव्यात.

तर झालंय असं की इथे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात पोरं सोळा वर्षांची झाली की त्यांना लर्नर परमिट मिळतं, मग गाडीला पुढे-मागे पिवळी एल प्लेट लावायची आणि शिकायचं. पण 21 च्या आतल्या पोराला टेस्टला बसायचं असेल तर त्याआधी 120 तास गाडी चालवलेली असावी लागते, त्यातले 20 रात्रीचे, शेजारी पूर्ण लायसन्सवाला माणूस बसलेला हवा आणि प्रत्येक फेरीची लॉगबुकात नोंद हवी. सिडनीकडे म्हणे इन्स्ट्रक्टरबरोबरचा एक तास तीन तास धरतात, काही मर्यादेपर्यंत, आमच्याकडे असले लाड नाहीत, एक तास म्हणजे एकच तास. मी पुण्यात लायसन काढलं तेव्हा स्कूटरवर आठचा आकडा काढला होता, तोसुद्धा साडेसातच झाला होता, साहेब दुसरीकडे बघत होते म्हणून पास. आणि इथे 120 तास! इन्स्ट्रक्टरचा तासाचा भाव ऐकल्यावर बायको माझ्याकडे बघून म्हणाली, तुझं आहे ना लायसन. झालं. दर रविवारी दोन तास धरले तर साठ रविवार. माणूस एवढ्या वेळात एखादी भाषा शिकतो. मी रामरक्षा शिकलो.

आम्ही राहतो मेलबर्नच्या पश्चिमेला, मेल्टनला. भारतात कोणाला सांगितलं की आम्ही वेस्टर्न फ्रीवेला लागून राहतो की समोरचा म्हणतो, अरे वा, बोरिवली की कांदिवली? बाबा रे, हा वेगळा. हा एम 8, मेलबर्नच्या रिंग रोडपासून निघतो, बॅलरॅटला जातो आणि पुढे हायवे होऊन थेट ॲडलेडची वाट धरतो. मी 2007 साली इथे आलो तेव्हा शहराकडे जायचं म्हणजे डीअर पार्कमधून एकेक सिग्नल खात जावं लागायचं. मग 2009 ला डीअर पार्क बायपास झाला. दुसऱ्या बाजूला मेल्टन आणि बॅकस मार्शच्या मधे अँथनीज कटिंग म्हणून प्रकार होता, रस्ता दरीत घुसायचा, वळणं घ्यायचा, ट्रक कण्हत कण्हत वर यायचे, आपल्याला आपला खंडाळा आठवून उगाच भरून यायचं. 2011 मधे तिथे जेरीवॉर नाल्यावरून पूल टाकून नवीन रस्ता केला, सरळ, रुंद, गुळगुळीत. खंडाळा गेला.

आणि या सगळ्या काळात मी काय केलं, तर शिव्या घातल्या. रोज सकाळी शहराकडे जाताना दोन-दोन लेनचा रस्ता, आणि दरवर्षी रॉकबँकच्या बाजूला काल जिथे काटेरी झुडपं होती तिथे आज नवीन घरांच्या रांगा, आणि त्या प्रत्येक घरातून बरोब्बर माझ्याच वेळेला दोन गाड्या बाहेर पडतात. रुंदीकरण व्हायला पाहिजे म्हणून सगळे मेल्टनकर कित्येक वर्षं ओरडतायत, मी सगळ्यात पुढे. पण कुठे काम निघालं, ते नारिंगी शंकू लागले (इथे त्यांना विच हॅट म्हणतात, चेटकिणीची टोपी), 40 चा बोर्ड लागला, की पुन्हा मीच सगळ्यात पुढे ओरडायला. रस्ता पाहिजे, काम नको. लग्न पाहिजे, वऱ्हाड नको, तसं.

मग आमची कन्या सतरा वर्षांची झाली आणि माझी मतं बदलली.

कारण बघा, मेल्टन सोडलं की बोर्ड येतो 110 चा. आणि व्हिक्टोरियात एल प्लेटवाल्याला वेगाची वेगळी मर्यादा नाही, बोर्डावर 110 तर त्यालाही 110. इतकी वर्षं टॅक्स भरून मी जो सरळ, रुंद, गुळगुळीत रस्ता मागत होतो तो आता माझ्यासमोर पसरलेला, आणि स्टेअरिंगवर ती पोर जिला परवा परवापर्यंत सायकलच्या मागे धरून पळवत होतो. पहिल्या दिवशी रॅम्पवरून फ्रीवेला लागताना मागून एक बी-डबल आला. बी-डबल म्हणजे एका ट्रकला दोन ट्रेलर, आपल्याकडची एखादी बैठी चाळच चाकावर लावलेली समजा. मी ओरडलो, हेड चेक! म्हणजे नुसतं आरशात बघायचं नाही, मान वळवून खांद्यावरून बघायचं. ती म्हणाली, केला. मी म्हटलं, मला दिसला नाही. ती म्हणाली, कसा दिसेल बाबा, तू डोळे मिटले होतेस.

त्या दिवशी पहिल्यांदा मी तो ब्रेक दाबला. नसलेला. दोन्ही पायांनी. गाडी काही थांबली नाही, पण मला बरं वाटलं, आणि तेव्हापासून सवय लागली. बॅकस मार्शच्या पुढे पेंटलंड हिल्सचा लांबच लांब चढ आहे, तिथे ट्रक डाव्या लेनला मुंगीच्या पावलाने चाललेले असतात आणि आपण उजव्या लेनने त्यांना ओलांडायचं असतं, एका बाजूला ट्रकची भिंत, दुसऱ्या बाजूला मधल्या दुभाजकावरचं तारेच्या दोरांचं कुंपण, आणि मधे आपण, सॅंडविचमधल्या काकडीसारखे. ती सांगते रिलॅक्स. मी रिलॅक्सच असतो, फक्त वरचं हँडल धरून. पुढे पाइक्स क्रीकच्या जलाशयातून रस्ता जातो, दोन्हीकडे पाणी, इतकं सुंदर दृश्य आहे म्हणतात, मी साठ रविवार तिथून गेलो आणि मला आठवतो तो फक्त स्पीडोमीटरचा काटा.

आणि अशाच एका रविवारी, चढ संपायच्या जरा अलीकडे, लांबून पिवळ्या दिव्यांचा बाण मिरवणारा ट्रक दिसला. रोडवर्क अहेड. मग 80. मग 60. मग विच हॅटची रांग, एक लेन बंद, आणि शेवटी माझा लाडका, सुंदर, लाल गोलातला बोर्ड: 40.

माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू, त्याचा आवाज मागच्या सीटवर ऐकू गेला असेल.

मागच्या सीटवर सासूबाई. त्या चिपळूणच्या, सहा महिन्यांसाठी आल्यात, आणि घरात एकटं बसण्यापेक्षा नातीबरोबर फिरावं म्हणून दर रविवारी येतात, पर्समधे आवळा सुपारी आणि मांडीवर शाल. इकडे मी हँडलला लोंबकळतोय आणि त्या मागे डुलक्या काढतायत. मी एकदा न राहवून विचारलं, आई तुम्हाला भीती नाही वाटत? म्हणाल्या, अहो जावईबापू, मी पंचवीस वर्षं एसटीने परशुराम घाट चढले-उतरलेय, ही बाय तर लेनमधून चालवते.

तर त्या दिवशी 40 ने चाललो होतो आणि सासूबाईंनी डोळे उघडून बाहेर बघितलं. म्हणाल्या, इथे तर कोणीच काम करताना दिसत नाही, मग हळू कशाला? हा प्रश्न मी स्वतः पंधरा वर्षं विचारत आलोय, अगदी तावातावाने, पण आता पार्टी बदललेली असल्यामुळे मी कामाच्या बाजूने वकिली केली. आई, असं असतं की गावाकडच्या फ्रीवेवर बऱ्याच ठिकाणी ते आधी गरम डांबर फवारतात, त्यावर खडी पसरतात आणि रोलर फिरवतात, याला स्प्रे सील म्हणतात. पण ती खडी पूर्ण बसते कशी तर आपल्यासारख्या गाड्यांच्या चाकांनीच. तोपर्यंत वरचे सुटे खडे उडतात, जोरात गेलं तर मागच्याची काच फुटते, म्हणून कामगार घरी गेले तरी बोर्ड तसाच. आणि डांबराला कोरडं ऊबदार हवामान लागतं, म्हणून असली बहुतेक कामं उन्हाळ्यातच निघतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे रोलरचं अर्धं काम आपल्याकडूनच फुकटात करून घेतात. पंधरा वर्षांत मला हा मुद्दा सुचला नव्हता.

मागे एक यूटवाला ट्रॅडी (यूट म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, ट्रॅडी म्हणजे सुतार, प्लंबर असला कारागीर) इतका चिकटला होता की आरशात त्याच्या दाढीचे केस मोजता आले असते. कन्या घाबरली, बाबा, मागचा चिडलाय, थोडं पळवू? मी म्हटलं, अजिबात नाही, बोर्ड म्हणजे बोर्ड. याच जागी दोन वर्षांपूर्वी तो ट्रॅडी मी होतो हे तिला सांगायची काही गरज नव्हती.

शिवाय फायदा असा की 40 ने गेलं की वेळ लागतो, आणि वेळ लागला की लॉगबुक भरतं. हे आधी तिच्या लक्षात आलं. आमच्या घरापासून बॅलरॅट पाऊणशे किलोमीटर, जाऊन येऊन एक तास चाळीस मिनिटं, पण रोडवर्कमुळे पूर्ण दोन तास. दर रविवारी वीस मिनिटं बोनस! मग आम्ही दोघं मिळून रोडवर्क शोधायला लागलो, शुक्रवारी रात्री फोनवर बघायचो कुठे लेन बंद आहे, लोक तिकडे जाणं टाळायला बघतात, आम्ही मुद्दाम तिकडे. बॅलरॅटला पोचलो की वेंडूरी तळ्याच्या काठी थर्मासमधला चहा. 1956 च्या ऑलिंपिकच्या बोटींच्या शर्यती झाल्या ते हे तळं, आणि तिथे असला बोचरा वारा असतो की चहा ओतेपर्यंत त्याचं सरबत होतं. सोनं सापडलं म्हणून 1851 साली लोक इथे धावत आले, थंडी सापडली म्हणून परत का नाही गेले कोण जाणे.

एकदाच बॅलरॅटच्या पुढे गेलो, हॉल्स गॅपला. अरारत गावाच्या अलीकडे दुभाजकवाला दुहेरी रस्ता संपून जाणाऱ्या-येणाऱ्यांचा एकच होतो तो तुकडा आला. तिथलं दुहेरीकरण अडलं, कारण वाटेत जाब वुरंग या इथल्या आदिवासी लोकांची पवित्र झाडं होती, त्यांच्या बायका पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या आसऱ्याला बाळंत व्हायच्या ती. लोक 2018 पासून तळ ठोकून बसले होते, 2020 च्या ऑक्टोबरमधे एक म्हातारं झाड पाडलंच, मग कोर्ट झालं. हे मी सासूबाईंना सांगितलं तर त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, आमच्या हायवेला किती वड गेले, ज्यांना आम्ही सूत गुंडाळलं होतं. आम्ही काय केलं, पुढच्या वर्षी फांदी विकत आणली. त्यावर कोणी काही बोललं नाही, कन्येनेसुद्धा ब्लिंकर न लावता लेन बदलली आणि मी ओरडलो नाही.

बाकी सासूबाईंच्या हायवेबद्दल काय बोलायचं. इकडे अँथनीज कटिंगचा नवीन रस्ता उघडला ते वर्ष 2011, आणि तिकडे मुंबई-गोवा हायवेचं पनवेल-इंदापूर काम सुरू झालं तेही 2011. तेव्हापासून दर गणपतीला घोषणा, यंदा खड्डे बुजणार. कन्या तेव्हा तीन वर्षांची, आता ती गाडी चालवते.

तर शेवटचा रविवार. लॉगबुकात 118 तास 10 मिनिटं झाली होती, पाहिजेत एक तास पन्नास. आम्ही निवांत निघालो, रोडवर्क धरून दोन तास होतातच, दहा मिनिटं वरच. चढ आला. विच हॅट नाहीत. बाणवाला ट्रक नाही. काळाभोर नवीन रस्ता, त्यावर ताज्या पांढऱ्या रेघा, आणि बोर्ड 110. काम संपलं होतं! वेळेत! आम्ही दोघं एकमेकांकडे असे बघत राहिलो जसं लग्नघरी गेल्यावर कळावं की लग्न काल होतं. मी म्हटलं, जरा हळू घे. ती म्हणाली, बाबा, 110 ला 80 ने चालवलं तर मागचा मारेल. आयुष्यात पहिल्यांदा मी रोडवर्क करणाऱ्यांचा उरक बघून चिडलो.

संध्याकाळी घराच्या ड्राइव्हवेत गाडी लावली आणि तिने वेळ बघितली. एक तास एकोणचाळीस. अकरा मिनिटं कमी.

लॉगबुकावर पेन धरून ती माझ्याकडे बघायला लागली, मी म्हटलं खोटं लिहायचं नाही, आणि मागून शाल आवरत सासूबाई म्हणाल्या, बाय, एवढं कशाला टेन्शन घेतेस, एकदा माझ्याबरोबर पनवेलहून चिपळूणला चल, तुझे 120 तिथेच भरतील आणि भावाचे पण.

कन्येने रिव्हर्स टाकला. मी पट्टा लावला, वरचं हँडल धरलं, आणि पाय पुढे केला तर टाच बरोब्बर मॅटच्या भोकात बसली.