युद्धावर जा, पण पत्र लिहू नका

तोफखान्यात कॅप्टन असाल, छातीवर पदकं असतील आणि शत्रूचा मुलूख पायाखाली असेल, तर मित्राला पत्र लिहू नका. लिहायचंच झालं तर हवापाणी लिहा. सोव्हिएत फौजेतले कॅप्टन आणि पुढे गाजलेले रशियन लेखक अलेक्झांडर सोल्झेनित्सिन यांनी हे पथ्य पाळलं नाही. शत्रूची तोफ कुठं धडाडतेय ते आवाजावरून हुडकणाऱ्या तुकडीचे ते प्रमुख. एवढा तिखट कान, पण आपलं टपाल कोण उघडतंय याचा कानोसा काही लागला नाही. पत्रात स्टालिनचं नावसुद्धा नव्हतं, फक्त ‘टोळीचा म्होरक्या’ होता. सेन्सॉरवाल्यांनी मात्र मूर्ती बरोबर ओळखली!

9 फेब्रुवारी 1945 ला जर्मनीतल्या पूर्व प्रशियात अटक झाली. जर्मनी शरण यायला अजून तीन महिने होते, पण त्याची एवढी घाई कुणाला होती?

अटक झाली की सहकार्य करा. मॉस्कोला घेऊन आलेल्या अधिकाऱ्यांना लुब्यांका तुरुंगाची वाट ठाऊक नव्हती. जवळचा रस्ता कैद्यानंच दाखवला. तेव्हा शहराची माहिती असू द्या.

टीका करायचीच तर एकट्यानं करा. दोघांचं एकमत झालं की राज्यविरोधी गुन्ह्यांच्या सोव्हिएत कलम 58 खाली ‘संघटना’ होते. शिक्षा आठ वर्षं. सुनावणीला तुम्ही नसलात तरी चालतं, सही कुठं करायची तेवढं दाखवतात.

कैद्यांच्या श्रमछावणीत कविता सुचल्या तर कागद मागू नका. सोल्झेनित्सिन यांनी लिथुआनियन कॅथलिक कैद्यांकडून भिजवलेल्या पावाच्या मण्यांची माळ करून घेतली आणि मण्यामण्यावर ओळी मोजत पाठ केल्या. झडतीत माळ सापडली, तर पहारेकऱ्यांना वाटलं, गडी जप करतोय. देवाला हद्दपार केलेल्या राज्यात जपाला हरकत नव्हती, हे विशेष. सुटेपर्यंत बारा हजार ओळी डोक्यात. त्यात आपल्याच फौजेनं प्रशियातल्या बायकांचे काय हाल केले तेही. पदकवाल्यांनी असलं लक्षात ठेवू नये.

शिक्षा संपली की वर ‘कायमची’ हद्दपारी, कझाकस्तानात. धीर सोडू नका. 1957 मध्ये न्यायालयानं सांगितलं की गुन्हा घडलाच नव्हता, शिवाय माणूस आघाडीवर शौर्यानं लढला होता. झालं की नाही छान?

निर्दोष ठरलात म्हणून पुन्हा लिहायला मात्र बसू नका. ते बसले. 1974 मध्ये सरकारनं नागरिकत्व काढून घेतलं आणि विमानात घालून थेट रवाना केलं. जर्मनीला.