हरित प्रशासकीय भवन: चार युक्तीच्या गोष्टी

जिल्ह्याच्या नव्या प्रशासकीय भवनाची फाइल तुमच्या टेबलावर आलीय आणि मंजुरीच्या पत्रात 'पर्यावरणपूरक' असं लिहिलंय, म्हणून झोप उडवून घेऊ नका. विदर्भात, जिथे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तिथेसुद्धा हे काम जमण्यासारखं आहे. फक्त क्रम चुकवायचा नाही.

पहिलं काम पाडापाडीचं. आवारात इंग्रजांच्या काळातली कचेरी उभी असेलच. जाड दगडी भिंती, उंच छत, छताखाली झरोके, भोवती रुंद व्हरांडा. अशी भिंत सकाळचं ऊन आत पोचू देईपर्यंत संध्याकाळ करते, तोवर साहेब घरी गेलेले असतात. गरम हवा वर चढते आणि झरोक्यातून निघून जाते. विजेशिवाय चालणारी ही व्यवस्था अंदाजपत्रकात कुठल्याच बाबीखाली दाखवता येत नाही, हा तिचा मोठा दोष. तेव्हा इमारत धोकादायक ठरवा आणि पाडा. सागवानाच्या तुळया कुठे गेल्या, हे फार विचारू नये. नव्या कामाला जे सिमेंट लागेल, त्याच्या टनामागे अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो हे खरं, पण तो तिकडे चंद्रपूरकडे जातो. तुमचं आवार स्वच्छच राहतं. दारासमोरचा कडुनिंब, ज्याच्या खाली अर्जनवीस बसतात, तोही काढा आणि बदल्यात दहा रोपं लावण्याचं हमीपत्र जोडा. रोपं कुठे लावायची, असा प्रश्न पडेल, कारण उरलेल्या आवारात पेव्हर ब्लॉक बसणार आहेत.

आता दर्शनी भाग. तो रस्त्याच्या बाजूला हवा, आणि रस्ता पश्चिमेला असला तर तुमचं नशीब. नागपूरच्या पट्ट्यात मेअखेर भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीचं एका साध्या छज्ज्यावर भागतं. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं येतं, छज्ज्याला न जुमानता थेट टेबलापर्यंत. म्हणून पश्चिमेला जमिनीपासून गच्चीपर्यंत निळी काच लावा. काच ऊन आत घेते आणि तापलेल्या वस्तूंची उष्णता बाहेर सोडत नाही. थंडीच्या देशात लोक यासाठी पैसे मोजतात, आपल्याला ती फुकट मिळतेय. उघडणाऱ्या खिडक्या ठेवू नका, धूळ येते. आठवड्याभरात आस्थापना शाखेचे बाबू काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवतील आणि भर दुपारी ट्यूबलाइट लावून बसतील. अहवालात 'नैसर्गिक प्रकाशाचा पुरेपूर वापर' असं लिहायला तरीही हरकत नाही. काच तर आहेच.

काच आली की एसी आलाच. 2020 पासून नवे एसी कारखान्यातूनच 24 अंशांवर लावून येतात, आणि एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. तुम्ही 18 वर ठेवा. साहेबांच्या खोलीत खुर्चीला शाल असली की पदाची शान राहते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एसीचे बाहेरचे पेटारे. ते गच्चीवर नेले तर पाइप लांबतो, खर्च वाढतो. आतल्या बोळात बसवा, जिथे सातबारा आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांग लागते. खोलीतून काढलेली उष्णता, वर यंत्राची स्वतःची उष्णता, अशी मिळून सगळी रांगेतल्या लोकांवर सोडता येते. एवढ्या नेमकेपणाने जनतेपर्यंत पोचणारी दुसरी शासकीय सेवा मला तरी माहीत नाही. रांगेत एखादी म्हातारी चक्कर येऊन बसली तर उन्हाळ्याकडे बोट दाखवावं. पंखा लावायचा विचार मनात येईल, पण रांगेची जागा नकाशात 'येण्याजाण्याचा मार्ग' म्हणून दाखवलेली असते, तिथे पंख्याची तरतूद नसते.

गच्चीवर सौर पॅनेल हवेतच, ड्रोनच्या फोटोत तीच दिसतात. पाण्याची टाकी त्यांच्या दक्षिणेला बांधा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, टाकीची सावली पॅनेलवर पडते आणि एका पॅनेलवरच्या सावलीने अख्ख्या रांगेची वीज घटू शकते. पॅनेल धुवायला गच्चीवर नळ देऊ नका. धूळ हा पावसाचा विषय आहे. पावसाचं म्हणाल तर हजार चौरस मीटरच्या छतावर हजार मिलिमीटर पाऊस पडला की दहा लाख लिटर पाणी होतं. ते मुरवायला शोषखड्डा खणा, पण छताचे पाइप गटाराला जोडा. खड्ड्यावर फलक मात्र मोठा असू द्या. उन्हाळ्यात टँकर त्याच फलकाजवळ उभा राहतो, म्हणजे चालकाला शोधावं लागत नाही.

अभ्यास दौरा निघालाच तर जागा जपून निवडा. दिल्लीचं इंदिरा पर्यावरण भवन टाळा. 2014 मध्ये उघडलेल्या त्या सरकारी इमारतीत मध्ये मोठा चौक सोडलाय, गच्चीवर 930 किलोवॅटची सौर यंत्रणा आहे आणि आवारातली झाडं जमतील तितकी राखलीत. परतल्यावर बरोबरचा एखादा कनिष्ठ अभियंता नको ते प्रश्न विचारायला लागतो. सेवाग्राम त्याहून वाईट, आणि जवळ असल्यामुळे टाळणंही अवघड. 1936 पासूनच्या तिथल्या कुट्या माती, बांबू, कौलं अशा आसपासच्या सामानाच्या आहेत आणि वर्ध्याच्या उन्हात लोक तिथे येऊन शांत बसतात. पण त्यांचं अंदाजपत्रक मांडलं तर सल्लागाराची फीसुद्धा निघायची नाही. सिंगापूर बरं. तिथली हवा आपल्यासारखी नाही, हाच फायदा. तिथलं काहीही इथे लागू पडत नाही, त्यामुळे काही बदलावं लागत नाही.

हरित इमारतीच्या मानांकनाचं वेगळं सांगायला नको. आराखड्याच्या टप्प्यावरचं, हेतू पाहून मिळणारं प्रमाणपत्र आधी घ्या आणि लोकार्पणाच्या दिवशी प्रवेशद्वारात लावा. इमारत वापरात आल्यावरची वीजबिलं लेखा शाखेत जातात आणि लेखा शाखा सहसा मानांकनवाल्यांशी बोलत नाही. देखभालीसाठी अर्थातच काही ठेवू नका.

दुसऱ्या उन्हाळ्यात एसीचा कॉम्प्रेसर जळेल, दुरुस्तीची फाइल फिरत राहील आणि कर्मचारी संघटना कूलर मागायला येईल. कूलरला उघडी खिडकी लागते, ती तुम्ही ठेवलेली नाही. मग काच कापून चौकटी बसवण्याचं वेगळं अंदाजपत्रक करा. विशेष दुरुस्तीत बसतं. मार्चच्या आत पाठवलंत तर निधीही मिळतो.