नुसतं मागे बसायचं असतं ना तुम्हाला?

गेल्या महिन्यात तासिका-वाटपाची बैठक झाली. दरवर्षी होते. कोणाच्या वाट्याला कुठला पेपर, कोणाचा तास दिवसाच्या अगदी शेवटी, नेहमीचीच ओढाताण. मी शिक्षक व्हायला आलेल्यांना शिकवते. माझ्या नावापुढे ‘सराव पाठ निरीक्षण’, म्हणजे ते शाळेत सरावाचा पाठ घेतात तो मागे बसून बघणं, लिहिलं होतं आणि त्यापुढचा तासांचा आकडा इतका किरकोळ होता की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. विचारलं, तर समोरचे अधिकारी अगदी सहज म्हणाले, “मॅडम, तिथं तुम्हाला शिकवायचं कुठं असतं? नुसतं मागे बसायचं असतं ना?”

त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. तिथल्या तिथं उत्तर सुचलं नाही. मला भांडणातली उत्तरं नेहमी रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचतात. म्हणून ही पोस्ट. लांब आहे. घाई असेल त्यांनी लाइक करून पुढं जावं, मी रागावणार नाही.

तर, मागे बसून मी काय करते ते सांगते.

एक छात्राध्यापिका, म्हणजे शिक्षक व्हायला शिकणारी विद्यार्थिनी, अपूर्णांकांचा पाठ घेत होती. पाठाचं टाचण नेटकं, आवाज खणखणीत, फळ्यावरचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. तिनं विचारलं, “एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?” एक मुलगा म्हणाला, “एक चतुर्थांश. कारण चार मोठा.” ती म्हणाली, “नाही. दुसरं कोण सांगेल?” दुसऱ्यानं बरोबर सांगितलं, त्याला शाब्बासकी मिळाली, पाठ पुढं गेला. टाचणाप्रमाणे सगळं चोख.

मी त्या पहिल्या मुलाच्या तिरक्या रेषेत मागे होते. त्यानं वहीतलं उत्तर खोडलं. पाच मिनिटांनी फळ्यावर नवीन गणित आलं, ते त्यानं जुन्याच हिशेबानं सोडवलं आणि मग वहीवर कोपर ठेवून ती झाकून घेतली. समोर उभ्या असलेल्या बाईंना हे दिसणं शक्यच नव्हतं.

पाठ संपल्यावर आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो. मी विचारलं, त्या मुलाचं काय झालं असावं? ती म्हणाली, “लक्ष नव्हतं त्याचं.” मी म्हटलं, लक्ष नसलेलं पोर ‘कारण’ देतं का? ती गप्प झाली. बऱ्याच वेळानं तिची तीच म्हणाली, “त्याला चार हा आकडा दिसतोय. पूर्ण संख्यांचा नियम तो इकडं लावतोय.” मग माझ्याच वहीत तिनं सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या काढल्या, एकीचे तीन भाग केले, दुसरीचे चार. म्हणाली, “हे त्याच्याकडूनच काढून घ्यायला हवं होतं.” या सगळ्याला चाळीस मिनिटं लागली. पाठ तेवढ्याच वेळाचा होता.

ली शुलमन या अभ्यासकानं १९८६ मध्ये यावर बोट ठेवलं होतं. विषय येणं वेगळं, वर्ग सांभाळता येणं वेगळं, आणि या विषयात मुलं नेमकी कुठं अडखळतात, का अडखळतात, तिथं कोणतं चित्र काढलं की गाडी पुढं सरकते, हे शिक्षकाचं खास स्वतःचं तिसरं ज्ञान. गणिताच्या पदवीधराला ते आपोआप येत नाही. माझ्या अनुभवात ते व्याख्यानातूनही फारसं येत नाही. शुलमन मी दरवर्षी शिकवते, माझे छात्राध्यापक परीक्षेत झकास उत्तर लिहितात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणतात, “नाही. दुसरं कोण सांगेल?”

त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट मोजली होती, सेकंद. प्रश्न विचारल्यावर ती उत्तरासाठी किती थांबते? जेमतेम एक. हा काही तिचा एकटीचा दोष नाही. मेरी बड रो या संशोधिकेनं विज्ञानाच्या वर्गांमधली संभाषणं टेप करून तपासली आणि सत्तरच्या दशकात निष्कर्ष मांडले. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. दोन सेकंदांचा फरक! वाचायला किती सोपं. वर्गासमोर उभं राहून करून बघा. तीन सेकंदांची शांतता अंगावर येते. आपल्याला काही येत नाही हे सगळ्यांना कळलंय असं वाटायला लागतं, आणि मग माणूस स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो.

आता मुक्काम पोस्ट जिन्यापलीकडचा विभाग. तिथं समाजकार्य आणि समुपदेशन शिकवतात. आमचा त्यांच्याशी संबंध प्रोजेक्टर उसना घेण्यापुरता. पण तिथली एक सहकारी माझी जुनी मैत्रीण आहे. तिच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्याच्या, म्हणजे लोकांच्या घरी-वस्तीत जाऊन करायच्या सरावाच्या, प्रत्येक भेटीनंतर आठवून आठवून शब्दशः संवाद लिहावा लागतो. एका रकान्यात कोण काय म्हणालं, दुसऱ्यात ‘तेव्हा मला काय वाटलं’, तिसरा मार्गदर्शकासाठी कोरा. मुलं या वह्यांना प्रचंड वैतागतात. तिनं एकदा नावगाव काढून, विद्यार्थ्याला विचारून, मला एक पान दाखवलं.

अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं सगळं करणारी एक बाई. बोलता बोलता म्हणते, “कधी कधी वाटतं, संपावं एकदाचं.” विद्यार्थी लगेच, “असं म्हणू नका, सगळं ठीक होईल.” बाई म्हणते, “हो. अजून काही विचारायचंय का?” पुढं अर्धं पान सरकारी योजना आणि कागदपत्रं.

मैत्रिणीनं ‘सगळं ठीक होईल’खाली रेघ मारली होती आणि कोऱ्या रकान्यात एवढंच लिहिलं होतं, “हे वाक्य कोणासाठी होतं?”

दोन दिवसांनी तो मुलगा तिच्याकडं आला. म्हणाला, “माझ्यासाठी. मला ते ऐकवत नव्हतं.” मग दोघांनी बसून पाहिलं की ‘संपावं’ म्हणजे काय संपावं, हे त्यानं विचारलंच नव्हतं. नवऱ्याचे हाल? तिची ओढाताण? की तिचं स्वतःचं आयुष्य? तिसरी शक्यता असेल तर सरळ शब्दांत विचारावं लागतं. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे, हे त्या क्षेत्रात पहिल्यांदा शिकवतात. त्यालाही शिकवलं होतं. पेपरात त्याला त्या प्रश्नाला पूर्ण गुण होते. तो पुढच्याच आठवड्यात पुन्हा गेला आणि या वेळी विचारून आला.

मला ते पान वाचून माझी अपूर्णांकवाली आठवली. दोघांचं दुखणं एकच, शांतता सोसवत नाही. तिनं ती दुसऱ्या मुलाचं नाव घेऊन भरली, त्यानं धीर देऊन. आणि दोघांनाही ते दिसलं कधी, तर दुसऱ्या कोणीतरी शेजारी बसून दाखवलं तेव्हा.

आपल्याकडं एक लाडका शब्द आहे, ‘हाडाचा शिक्षक’. तसाच ‘रक्तातच सेवा आहे’. मला या दोन्हींची हल्ली चीड येते. हाडाचा भूलतज्ज्ञ कोणी म्हणत नाही. त्याला कोणीतरी शिकवलंय आणि त्याच्या शेजारी उभं राहून शिकवलंय, हे आपण गृहीत धरतो. शिक्षक आणि समाजसेवक मात्र हाडामांसातून येतात, म्हणजे विद्यापीठानं फक्त पेपर घ्यायचे आणि प्रमाणपत्र छापायचं.

शिक्षकाच्या बाबतीत हाडातून जे येतं ते तर बहुतेक वेळा घातकच असतं. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये हिशेब मांडला होता, शाळा संपेपर्यंत माणूस सुमारे १३,००० तास शिक्षकांसमोर घालवतो. म्हणजे शिक्षक व्हायला येणारा प्रत्येक जण या धंद्याची भलीमोठी उमेदवारी करूनच येतो, पण बाकावरून. शिक्षक काय करतो ते त्याला पाठ असतं. तो ते का करतो, काय गाळतो, कुठं घाबरतो, यातलं काही दिसलेलं नसतं. गडबडीत माणूस तेच बाहेर काढतो. मी स्वतः पहिल्या वर्षी माझ्या शाळेतल्या बाईंच्या आवाजात ओरडले होते. त्यांच्याच आवाजात, अगदी ‘काय चाललंय हे’मधल्या हेलासकट. मला त्या बाई कधीच आवडल्या नव्हत्या.

समाजकार्याचा इतिहासही हेच सांगतो. मेरी रिचमंड या अमेरिकन समाजकार्यकर्तीनं १८९७ मध्ये मागणी केली की गरिबांमध्ये काम करणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची शाळा हवी, नुसता कळवळा पुरत नाही. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग निघाला, त्यातूनच पुढं कोलंबिया विद्यापीठाचा समाजकार्य विभाग उभा राहिला. तरी १९१५ मध्ये अब्राहम फ्लेक्सनर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं भर परिषदेत सुनावलं की समाजकार्य हा अजून पुरता व्यवसाय झालेला नाही. ती बोच त्या क्षेत्राला पुढं अनेक वर्षं राहिली. आज अमेरिकेत समाजकार्याच्या पदवीसाठी किमान ४०० आणि पदव्युत्तर पदवीसाठी ९०० तास क्षेत्रकार्य सक्तीचं आहे. चांगलंच आहे. पण तास मोजणं सोपं असतं. त्यातला किती वेळ कोणी अनुभवी माणूस शेजारी बसून ‘हे वाक्य कोणासाठी होतं’ असं विचारतो, ते हजेरीपटावर येत नाही.

आता थोडं आमच्याच पायाखाली. मागे बसणारे आम्ही सगळे काही गुणाचे पुतळे नाही. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापन काढलं. मोजकी मुलं, पाच-दहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, लगेच चर्चा आणि पुन्हा पाठ. कल्पना नामी. तिचा जीव चर्चेत आणि पुन्हा केलेल्या पाठात होता. आम्ही काय केलं? नुसत्या वह्या ठेवल्या. ‘प्रबलन कौशल्य’, म्हणजे शाबासकी देऊन उत्तेजन देणं, तपासायचं म्हणून शाब्बास किती वेळा म्हटलं ते मोजायला लागलो. छात्राध्यापक हुशार असतात, ते चुकीच्या उत्तरालाही शाब्बास म्हणू लागले. मीही पहिली काही वर्षं निरीक्षण वहीत ‘फलकलेखन सुबक असावे’ आणि ‘आवाजात चढउतार हवा’ यापलीकडं काही लिहिलेलं नाही. दिवसाला सहा पाठ बघायचे असतील तर दुसरं काही लिहून होत नाही. सुबक फलकलेखन हा थकलेल्या निरीक्षकाचा शेरा असतो, हे छात्राध्यापकांनाही माहीत असतं.

म्हणून माझं भांडण त्या आकड्याशी आहे. फिनलंडमध्ये विद्यापीठांच्या स्वतःच्या सराव शाळा आहेत आणि तिथल्या शिक्षकांच्या नेमणुकीतच छात्राध्यापकांना मार्गदर्शन करणं हे काम धरलेलं असतं. त्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही. वैद्यकीय शिक्षणात वरिष्ठ डॉक्टर खाटेशेजारी उभा राहून शिकवतो, तेव्हा त्याला ‘तुम्ही नुसते उभेच असता ना’ असं कोणी म्हणत नाही. आमच्याकडं व्याख्यानाचा एक तास म्हणजे एक तास, आणि पायरीवर बसून झालेली चाळीस मिनिटं म्हणजे शून्य. मग बदल्या-बढत्यांच्या वेळी शोधनिबंध छापणारा वर जातो आणि पायरीवर बसणारा आळशी ठरतो. नवीन येणारे सहकारी हे वर्षभरात ओळखतात. तेही मग वहीवर सही करून निघतात. त्यांना मी दोष कसा देऊ?

आणि जिन्याची ती भिंत. वर्गात वही झाकणारं पोर आणि अंथरुणापाशी थकलेली बाई ही उद्या एकाच घरातली निघू शकतात. त्या घरापर्यंत आमची विद्यार्थिनी फळ्याकडून जाणार, मैत्रिणीचा विद्यार्थी दारातून. दोघांनी एकमेकांचं कामच कधी पाहिलेलं नसेल. यंदा आम्ही दोघींनी कोणालाच न विचारता आमचे चार-चार विद्यार्थी एकत्र बसवले आणि वह्यांची अदलाबदल केली. परवानगीचं नंतर बघू.

त्या दिवशी चर्चा संपल्यावर अपूर्णांकवालीनं मला विचारलं होतं, “मॅडम, तुमचा तास कोण बघतं?”

कोणीच नाही. वीसेक वर्षांत कोणीच नाही. मी म्हटलं, तू ये. ती खरंच आली, शेवटच्या बाकावर बसली, आणि तास संपल्यावर हातात एक चिठ्ठी देऊन गेली. मॅडम, तुम्ही अकरा प्रश्न विचारलेत. नऊंची उत्तरं तुम्हीच दिलीत. विषय होता, प्रश्न विचारल्यावर थांबणे.